गैरमुलकी शिकारी

ग्यानोबाला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. एसटी उशिरा आली तर ड्रायव्हरला, बकरी दोनदा शिंकली तर बकरीवाल्याला, आणि नव्या सुनेच्या हातचं वरण पातळ झालं तर थेट तिच्या माहेरच्यांना तो "काहून?" असं विचारायचा. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी लोक त्याला पाठीमागं 'काहून पाटील' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं. फक्त हे नाव पडलं काहून, एवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

असा माणूस अठरा वर्षं एका प्रश्नाच्या उत्तरावाचून जगला, याचंच नवल. प्रश्न साधा होता. हैदराबादचा व्यंकटराव दर साली संक्रांत झाली की आठ दिवस धरणावर गळ टाकायला येई. रातभर रेल्वेत बसून, मग वसमतला उतरून, मग एसटीनं. आणि एवढं येऊन हा माणूस बसायचा कुठं? तर अख्ख्या धरणात जिथं मासा चुकूनही फिरकत नाही नेमका तिथं.

भिंतीपासून दूर, वाकड्या बाभळीच्या खालच्या अंगाला तीन मोठे दगड होते. पावसाळ्यात ते पाण्यात बुडत आणि संक्रांतीनंतर उघडे पडत. एका दगडावर व्यंकटराव, दुसऱ्यावर ग्यानोबा, तिसऱ्यावर चाऱ्यासाठी मळलेल्या कणकेचा गोळा. ग्यानोबा दर साली विचारायचा, "व्यंकटराव, पल्याड खडकापाशी रोहू लागून राहिला. इथं काहून बसता?" आणि व्यंकटराव दर साली एकच सांगायचा, "अच्छी जगा है, पटेल." खेड्यातल्या कोणाही माणसाला तो पटेल म्हणायचा. मग म्हणायचा, "मच्छी को बातां पसंद नहीं," आणि ओठांवर बोट ठेवायचा. ग्यानोबा गप्प बसायचा. सोजराबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मते, तिच्या नवऱ्याला गप्प बसवणारा हा एकच माणूस देवानं घडवला होता, आणि तोही पार हैदराबादेत.

पहिल्या साली तर गंमतच झाली होती. "शिकार को आया मैं," असं म्हणत व्यंकटराव एसटीतून उतरला, तेव्हा ग्यानोबानं त्याच्या पिशवीत डोकावून बंदूक शोधली होती. पिशवीत गळ, दोरा आणि आटा. हैदराबादकडं गळानं मासे धरण्यालाही शिकारच म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण इथल्या मच्छीमार संस्थेच्या पाटीवरही पहिल्यापासून 'शिकार परवाना येथे मिळेल' असंच लिहिलेलं होतं. संस्था काढणारे देवलाकाका निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांची लेखणी त्याच वळणानं चालायची. एकदा वनखात्याचा एक नवा गार्ड ती पाटी वाचून घामाघूम होऊन आत शिरला होता. त्याला चहा पाजून, इथं हरणं नाही, कटला मासे मारतात, हे समजावता समजावता दुपार झाली होती.

देवलाकाकांच्या पाटीवर दोन दर होते. 'मुलकी शिकारी' आणि त्याखाली 'गैरमुलकी शिकारी'. काका गेले, अक्षरं फिकी पडली. तीन वर्षांमागं प्रेमानंद सचिव झाला. बी.कॉम. झालेला, हिशेबाला चोख, मोठ्या माणसांशी अदबीनं बोलणारा पोरगा. त्यानं पाटी नव्यानं रंगवून घेतली. मुलकी या शब्दाचा अर्थ पोरांना समजत नाही म्हणून त्यानं लिहिलं 'स्थानिक', आणि गैरमुलकीच्या जागी 'परराज्यातील'. शिकार परवाना तेवढा तसाच राहिला, कारण ते अक्षर रंगाऱ्याला फार आवडलं होतं.

आणि मग परराज्यातल्यांचा दर चढायला लागला. त्यालाही कारण होतं. बाहेरच्या मोटारी यायला लागल्या होत्या. एकेका मोटारीतून पाच-सहा जण उतरायचे, प्रत्येकाचे चार-चार गळ, पोतंभर मासे न्यायचे आणि काठावर बाटल्या फोडून जायचे. एका फुटक्या बाटलीवर ग्यानोबाचाच पाय पडला होता, महिनाभर तो लंगडत होता. पहिल्या साली आमसभेत दर तीनशे केला, दुसऱ्या साली हजार, आणि यंदा अडीच हजार. स्थानिकाला आपले पन्नास. तिन्ही सभांत सगळ्यात आधी वर गेलेला हात ग्यानोबाचा. "दाबून लावा," तो म्हणाला होता. "परराज्यातून येतेत आन् आमच्या पाण्यात घाण करतेत!"

तर यंदा संक्रांत झाली, आणि बुधवारी व्यंकटराव आला.

सोजराबाईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन ग्यानोबा बाभळीखाली गेला, तर तिथं कोणी नाही. स्टँडपाशी सखुबाईचं हॉटेल होतं, तिथं व्यंकटराव भज्यांची प्लेट पुढ्यात घेऊन बसला होता. गळाच्या काठ्या कापडी खोळीतून बाहेरच निघालेल्या नव्हत्या.

"काहून? आज चारा न्हाई मळला?"

"पाच की बस से जाता मैं, पटेल."

"आजच तर आले!"

"अब नहीं आता. बस हो गया." व्यंकटरावानं भज्यांची प्लेट त्याच्याकडं सरकवली. "बोर्ड पढ़के आया मैं. ढाई हजार."

ग्यानोबाला आधी समजेचना. "ते व्हय, पण ते परराज्यातल्यांला हाय. तुमचा काय संबंध?"

"हैदराबाद क्या आपके तालुके में है?"

आता यात ग्यानोबाची चूक समजून घेतली पाहिजे, कारण ती दुसऱ्या मुलखातला माणूस करणार नाही. त्याच्या आज्याच्या जमिनीचा दावा हैदराबादेत चालला होता. बापाच्या लग्नातली शेरवानी हैदराबादची. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन हैदराबादेत झालं आणि मरेपर्यंत ती त्या डॉक्टरच्या नावानं दिवा लावायची. घरात कोणी फार शिकलं की म्हणायचे, हा आता हैदराबादला जाणार. ग्यानोबाच्या मनात परराज्य म्हणजे गुजरात, पंजाब, आणि खरं सांगायचं तर थोडंसं पुणेसुद्धा. हैदराबाद त्यात कधी धरलंच नव्हतं. नकाशा बदलला होता, त्याला सत्तर वर्षं होत आली. पण तो बदल ग्यानोबाच्या घरी कोणी कळवला नव्हता.

"म्हंजे तुमच्याकडून बी..."

"दो साल से भर रहा मैं. पिछले साल हजार दिया."

"आन् मला बोलले काहून न्हाई?"

व्यंकटरावानं खोळीची नाडी आवळून बांधली. मग म्हणाला, "आपीच हाथ उठाए बोलके सुना मैं."

ग्यानोबानं सखुबाईकडं पाहिलं. सखुबाईला एकाएकी कढईतल्या तेलाची फार काळजी वाटायला लागली.

ग्यानोबानं हातातलं भजं प्लेटीत परत ठेवलं. मोटारवाल्यांवर उगारलेला हात बरोबर आपल्या माणसाच्या गालावर बसला होता, आणि तोही एकदा नव्हे, तीनदा. त्याला लाज वाटली.

"पैसे मी भरतो," तो शेवटी म्हणाला.

"पैसे की बात नक्को, पटेल. रेल्वे में फिटर था मैं, पास पे फुकट आता. पेन्शन है. भर सकता मैं." व्यंकटरावानं रुमालानं हात पुसले. "लेकिन हर साल बोर्ड पे बाहर का, बाहर का, और बड़ा करके लिख रहे. कितने साल पढ़ना? आदमी को समझ में आता ना."

एवढं बोलून त्यानं काठ्यांची खोळ मांडीवर घेतली. अठरा वर्षांत एवढं लांब वाक्य तो कधी बोलला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. ग्यानोबानं त्याचं मनगट धरलं. "पाच वाजायला लई टाइम हाय. चला माझ्यासंगं."

संस्थेच्या ऑफिसात प्रेमानंद पावत्या लिहीत बसला होता आणि अध्यक्ष वैजनाथराव खुर्चीवर पाय घेऊन पेपर वाचत होते. वैजनाथराव माणूस वाईट नव्हता. पण एकदा घेतलेला ठराव मागं घेणं म्हणजे दिलेली मुलगी परत आणणं, असं त्यांचं मत होतं. व्यंकटराव दारातच थांबला.

"बाबा, ऑनलाइन पावती निंघते आता," प्रेमानंद समजुतीनं म्हणाला. "आधारवर पत्ता हैदराबादचा. मी मनानं स्थानिक लिहिलं तर मीच अडकतो. तुमीच सांगा."

"मी तुला खोटं लिही म्हणून न्हाई राहिलो. मला एकच सांग, जुन्या पाटीवर गैरमुलकी होतं. तू परराज्यातील केलं. हा शब्द बदलायचा ठराव कधी झाला?"

प्रेमानंद अडखळला. "ठराव कशाला? अर्थ तोच हाय."

"कोण म्हन्लं? देवलाकाकानं काहून लिहिला असंल तो शब्द? त्यायच्या वहीत पाहू."

वैजनाथरावांनी पेपर खाली ठेवला. देवलाकाकांची नियमांची वही लोखंडी पेटीत असायची. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ती बाहेर काढत, हळदकुंकू वाहत, पेढा ठेवत आणि परत पेटीत ठेवत. उघडून वाचायचं असतं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. देवाची मूर्ती कोणी उघडून बघतं का? पण ग्यानोबा पेटीपाशी जाऊन बसलाच होता, आणि तो उठणाऱ्यांतला नव्हता. "पाहू द्या त्याला एकदाचं," वैजनाथराव म्हणाले. "न्हाईतर घरी येऊन इचारीत बसंल."

वही उघडताना वाळलेल्या कुंकवाचे पापुद्रे टेबलावर पडले. प्रेमानंदनं बोटानं ओळी शोधल्या आणि मोठ्यानं वाचलं, "कलम चार. जो इसम ह्या तलावाचे हद्दीत पैदा झाला तो मुलकी. जो हद्दीबाहेर पैदा झाला तो गैरमुलकी, मग तो कोणीही असो."

वैजनाथरावांनी पेपर पुन्हा उचलला.

"झालं समाधान?" वैजनाथराव म्हणाले. "जन्म हैदराबादचा, म्हंजे गैरमुलकीच. अडीच हजार."

कोणीही शहाणा माणूस इथं हरला असता आणि घरी गेला असता. पण ग्यानोबाच्या जिभेला सवय होती. त्यात कावा नव्हता, डाव नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "अध्यक्ष," तो म्हणाला, "तुमी कुठं पैदा झाले?"

"मी? मी व्हय..." वैजनाथराव थांबले. "पुसदला. मामाच्या घरी. मायचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच असतंय ना."

"आन् तू रे, प्रेमानंद?"

"नांदेडला. सरकारी दवाखान्यात." प्रेमानंदचा पेन टेबलावर टेकला. "बाबा, अन् तुमी?"

ग्यानोबाही थोरला. त्याची नाळ पुरली होती जिंतूरकडं, मायच्या माहेरी, आज्याच्या गोठ्यामागं. आयुष्यभर या पाण्याकाठच्या रानात राबला, याच गावात मेला असता, आणि वहीप्रमाणं तो गैरमुलकी निघाला होता.

मागोमाग चहा घेऊन आलेली सखुबाई दारातून म्हणाली, "बायका तर समद्याच गैरमुलकी. त्यात काय नवल? आमाला तर कोणी पास बी मागत न्हाई." तिनं कप ठेवले आणि हसली. मग वैजनाथरावही हसले, पण त्यांचं हसू लवकर आटोपलं, कारण त्यांच्या डोक्यात सभासदांची यादी फिरत होती आणि त्या यादीतला एकेक जण कुठल्या ना कुठल्या परगावी जन्मलेला होता. थोरली लेकरं आजोळी, धाकटी वसमतच्या नाहीतर नांदेडच्या दवाखान्यात. देवलाकाकांच्या कलमाप्रमाणं या धरणावर मुलकी माणूस शोधून सापडणं मुश्कील होतं.

"म्हंजे हितं एक बी मुलकी न्हाई?" ग्यानोबा नवलानं म्हणाला.

"मैं हूँ ना," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. व्यंकटरावानं काठ्यांची खोळ भिंतीला टेकवून ठेवली होती. "मैं इधरीच पैदा हुआ. डॅम का काम चालू था तब. पालमूर से लेबर आई थी ना, उसमें अम्मा-बाप थे मेरे. नीचे डेरे थे हमारे."

पालमूरकडचे तेलुगू मजूर धरणाच्या कामावर आले होते, त्यांचे डेरे ग्यानोबाला आठवत होते. संध्याकाळी तिकडून भाताचा वास यायचा, आणि भात रोज खाणारी माणसं म्हणजे श्रीमंतच असणार, असं तेव्हा त्याला वाटायचं.

"पण तुमच्या अम्माला माहेरी काहून न्हाई धाडलं?" ग्यानोबानं विचारलं. न विचारता तो राहूच शकला नाही.

"मायके में खाने को होता तो इधर कायकू आती?" व्यंकटराव सरळ म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "सुबह मिट्टी ढोई बोलते. दोपहर को मैं हुआ. तीसरे दिन वापस काम पे. मैं छे साल का था तब काम खतम हुआ, चले गए हम लोगां."

"मंग इतक्या सालात सांगितलं काहून न्हाई?"

"फारम पे रहते कहाँ पूछते, पटेल. पैदा कहाँ हुए, कोई नहीं पूछता."

ग्यानोबाला बाभूळ दिसली, ते पाणी दिसलं, जिथं अठरा वर्षांत अठरा मासे लागले नव्हते. "ते तीन दगड..."

"हौ. चूल्हा था. पूरी टोली का चावल पकता था, उसके वास्ते इत्ते बड़े." व्यंकटराव किंचित हसला. "मैं बैठता वो अम्मा की तरफ का. आप बैठते वो पीछे का है, उसपे देग टिकती थी."

ग्यानोबानं आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न आपणहून सोडून दिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्याला काही सुचत नव्हतं, म्हणून त्यानं चहाचा कप उचलला आणि गरम चहा घोटभर पिऊन जीभ भाजून घेतली.

प्रेमानंदनं घसा साफ केला. "पण जन्माचा काही पुरावा..." आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण वाक्य त्यानं अर्ध्यावरच सोडलं.

"पुरावा माग," वैजनाथराव म्हणाले. "पण मंग पहिले आपल्या तिघांचा माग. आन् पुसदचा निंघाला तर माझ्याकडून अडीच हजार घे." ते उठले, वही त्यांनी स्वतःच्या हातानं मिटली. "लिही. मुलकी. पन्नास रुपये. ऑनलाइन-बिनलाइन मी पाहून घेतो. आन् हे कलम आमसभेपर्यंत कोणाला बोलायचं न्हाई. सखुबाई, तुला सांगून राहिलो."

"मी काहून बोलू?" सखुबाई म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे फक्त हॉटेलात येणाऱ्यांनाच कळलं.

प्रेमानंदनं पावतीपुस्तकातला जुना, हातानं भरायचा पास काढला. 'रा.' पुढं त्यानं हैदराबाद लिहिलं. मग क्षणभर थांबून समासात, जागा नसताना, बारीक अक्षरात लिहिलं: जन्म, सिद्धेश्वर. शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी पास व्यंकटरावापुढं धरला. व्यंकटरावानं तो चष्मा लावून वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला. मग चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला, आणि खिशावर हात तसाच राहू दिला. पाचची बस आली आणि त्याच्यावाचून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानोबा बाभळीखाली आला. व्यंकटराव आपल्या दगडावर बसून गळाला कणीक लावत होता. ग्यानोबा मात्र उभाच राहिला. इतकी वर्षं त्या दगडावर तो बिनधास्त बसला होता, कधी तंबाखू मळत, कधी पाय चोळत; आज त्याचं मन होईना. शेवटी तो खाली ओल्या मातीत फतकल मारून बसला.

"ऊपर बैठो, पटेल."

"न्हाई. इथं बराबर हाय."

व्यंकटरावानं आग्रह केला नाही. गळ पाण्यात गेला. पलीकडच्या रानात कोणाची तरी हळद शिजत होती, तिचा वास वाऱ्यावर येत होता. नेहमीप्रमाणं एकही मासा फिरकला नाही, आणि तो काहून फिरकत नाही, असं ग्यानोबानं विचारलं नाही.

दहाच्या सुमाराला काठावरून नेमसिंग आला. संस्थेनं यंदाच ठेवलेला राखणदार, वारंगा फाट्याकडचा, इथं कोणाला फारसा ओळखत नव्हता. त्यानं काठी आपटून पास मागितला. व्यंकटरावानं खिशातली घडी सावकाश उलगडून त्याच्या हाती दिली. नेमसिंगनं वाचलं, मुलकी, आणि मान डोलावली. मग त्याची नजर मातीत बसलेल्या म्हाताऱ्याकडं गेली.

"आन् यांचा पास?"

ग्यानोबा खिसे चाचपायला लागला. पास कुठला असणार? सभासदाला पास मागायची कधी वेळच आली नव्हती.

"गैरमुलकी हैं," व्यंकटराव दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाला. "लेकिन मेहमान हैं मेरे. बैठने दो."